बॉसचं नाव गोट्या

फ्रीलान्सरला ऑफिस नाही, पंचकार्ड नाही, बॉस नाही. हा फंडा मी सॉलिड मिरवायची. मग आमच्या गोट्याला डायबेटिस झाला. ९ वर्षांचा, साडेसहा किलोचा बोका. आता सकाळी ८ आणि रात्री ८, बारा तासांच्या अंतराने इन्शुलिन. आधी खाणं, मग इंजेक्शन. सैल कातडी चिमटीत धरायची, टोचायचं. तो वाटीतून डोकंही वर काढत नाही. हात थरथरतो तो माझा!

गेल्या शनिवारी असाइनमेंट लांबली. घरी पोचले तेव्हा पावणेनऊ. वाटी रिकामी, रूममेटचा मोबाइल स्विच्ड ऑफ. तिने डोस दिला असेल का? भरलेली सिरिंज हातात आणि डोकं सुन्न. शेवटी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘शंका असेल तर देऊ नका. एखादा डोस चुकला तर चालतं. दोनदा गेला तर साखर इतकी उतरते, की जीवावर बेतू शकतं. झोकांड्या खायला लागला, तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक घेऊन या.’

अकराला रूममेट उगवली. ‘अगं, मी आठलाच दिलं ना!’

मी मटकन खालीच बसले.

आता फ्रिजवर कॅलेंडर लागलंय. टोचलं की लगेच टिक. तुमच्याकडेही असा पेशंट असेल, तर आणखी एक बघा: बाटलीवर ४० युनिट लिहिलं असेल तर सिरिंजही ४०चीच हवी, १००ची नाही.

बॉस नाही म्हणत होते ना? तो आत्ता कीबोर्डवर बसलाय. पावणेआठ झालेत.