परक्या मैदानावर

गिरगांवांत 'तिकडे' हा एक विलक्षण शब्द आहे. दादरला राहावयास गेलेल्या भावाविषयीं तो उच्चारला, कीं त्यांत थोडा हेवा आणि थोडें कौतुक असतें. परळ-लालबागेविषयीं उच्चारला, कीं गणपतीच्या दिवसांची आठवण असते. परंतु नागपाड्याविषयीं उच्चारला, म्हणजे आवाज आपोआप खालच्या पट्टींत जातो. सुनेच्या बाळंतपणाच्या निमित्तानें अमेरिका पाहून आलेलीं, पण नागपाडा न पाहिलेलीं निदान चार कुटुंबें आमच्या ओळखीचीं आहेत. आणि प्रार्थना समाजाच्या चौकापासून तें ठिकाण दीड मैलाच्या आंतच आहे.

ही प्रस्तावना करण्याचें कारण असें, कीं आमच्या नातीच्या कॉलेजांतील मुलींच्या बास्केटबॉल संघाला तिकडील एका कॉलेजनें आपल्या मैदानावर सामना खेळावयास बोलाविलें. सामना मैत्रीचा होता. ढाल, पेला कांहींच पणाला लागलेलें नव्हतें. नातीच्या स्वतःच्या कॉलेजांत सामना असला, म्हणजे घरचीं सात-आठ माणसें जातात आणि बरोबर लाडवांचा डबाही जातो. ह्या खेपेस मात्र जेवणाच्या पंगतींत विषय निघतांच प्रत्येकाला कांहींना कांहीं काम आठवलें. तेव्हां नात म्हणाली, "आजोबा, आपल्याकडे खेळतों तेव्हां तुम्ही सगळे येतां. पण आपल्याकडे टाळ्या वाजवायला पुष्कळ माणसें असतात. टाळ्यांची गरज खरी तिकडे असते." हा 'तिकडे' तिनें आवाज मुळींच न उतरवतां उच्चारला होता.

आम्ही येतों म्हणालों, आणि वादास तोंड फुटलें. धाकट्या बंधूंचें म्हणणें, संघानें जावें हें ठीक, कारण त्याला आमंत्रण आहे. प्रेक्षकाला कोणीं बोलाविलें आहे? कुटुंबाचा आक्षेप वेगळा होता. चारचौघांत, अनोळखी लोकांसमोर, आंखूड कपड्यांत मुलींनीं चेंडू आपटीत धांवावें, हें साहेबाचें वेड आहे, आपल्याकडे असें कधीं नव्हतें, असें तिचें मत पडलें. शाळेंत अनेक वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसासमोर 'आपल्याकडे असें कधीं नव्हतें' हें वाक्य जपून उच्चारावें. दंडीच्या 'दशकुमारचरितां'त मित्रगुप्ताची कथा आहे. फिरत फिरत तो सुह्म देशांतील दामलिप्त नगरीबाहेर येतो, तों तेथें कंदुकोत्सव चाललेला असतो. राजकन्या कंदुकावती दर महिन्यास कृत्तिका नक्षत्राच्या दिवशीं, सर्व लोकांदेखत, देवीपुढें चेंडू खेळते; देवीची आज्ञाच तशी आहे. चेंडू भुईवर टाकून वर उसळतांच बोटें पसरून तळहातानें त्याला पुन्हा खालीं मारणें, हातांच्या पाठीनें झेलणें, त्याच्या भोंवतीं गिरक्या घेणें, असें तिच्या खेळाचें वर्णन दंडीनें इतक्या बारकाईनें केलें आहे, कीं आजच्या मुली ज्याला 'ड्रिबल' म्हणतात तें हेंच असें वाटावें. चेंडूच्या चालींना त्यानें पारिभाषिक नांवेंही दिलीं आहेत. आणि तो मित्रगुप्त कोण? परक्या गांवीं आलेला, कोणीं न बोलाविलेला प्रेक्षकच कीं! कुटुंबानें हें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण ती चांगला नवरा मिळावा म्हणून खेळत होती ना?" ह्याला दंडीपाशीं उत्तर नाहीं, आमच्यापाशींही नव्हतें. बंधूंनीं तर हंसून टाळी दिली. आम्ही मात्र गेलों.

मुली कॉलेजच्या बसमधून पुढें गेल्या होत्या. आम्ही पायींच निघालों, कारण अंतर किती आहे हें एकदां पायांना कळावें अशी इच्छा होती. लॅमिंग्टन रोडवरील रेडिओच्या आणि आतां संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानांवरून ग्रँट रोडचा चौक ओलांडला, मुंबई सेंट्रल डावीकडे सोडलें, बेलासिस रोडनें उजवीकडे वळलों, आणि चाळीस मिनिटांत नागपाड्यास पोंचलों. पंचविशीचा मनुष्य पंचवीस मिनिटांत जाईल. वाटेंत पाट्यांची लिपि बदलत जाते, खाटिकाचीं दुकानें येतात, अत्तराचा आणि भट्टींतल्या पावाचा वास येतो. एका दुकानदाराला मैदान विचारलें. त्यानें 'बास्केटबॉल?' एवढेंच विचारून बोट दाखविलें. गिरगांवांत एखाद्या परक्या म्हाताऱ्यानें मैदान विचारलें तर आपण 'क्रिकेट?' असें विचारूं, तसेंच तें होतें.

आणि तें उगीच नव्हतें. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हिंवाळ्यांत घरांत कोंडलेल्या अठरा दांडग्या विद्यार्थ्यांसाठीं हा खेळ काढला. त्यानें शिपायाजवळ खोकीं मागितलीं. शिपायानें आडूच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या, आणि खेळास टोपलीचें नांव मिळालें. टोपली दहा फूट उंच टांगण्यांत त्या गुरुजींचा एक सूक्ष्म विचार होता. लक्ष्य समोर असलें म्हणजे मुलें जोरानें मारतात. तें डोक्यावर असलें, कीं जोराचा उपयोग नाहीं, हळुवारपणाचा आहे. दांडग्या वर्गासाठीं ह्याहून शहाणी युक्ति कोणा शिक्षकानें काढली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें तेरा नियम केले. त्यांतला चेंडू हातांत घेऊन पळावयाचें नाहीं, हा नियम आजही खेळाचा प्राण आहे. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या मंडळींनीं तो खेळ हिंदुस्थानांत आणला. नागपाड्यांत क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्या अमेरिकन मिशनऱ्यानें १९२० नंतरच्या दशकांत 'नेबरहुड हाऊस' उभारलें. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ सालीं ह्याच घरांत सुरू झाली, ही गोष्ट आमच्या किती सुशिक्षित वाचकांस ठाऊक असेल? ह्या वस्तीनें बास्केटबॉल असा आपलासा केला, कीं भारतीय संघाचे कर्णधार झालेले गुलाम अब्बास मुन्तसीर इथलेच. त्यांना १९७० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्याचें नांव वर्तमानपत्राच्या दुसऱ्याच पानावर वाचण्याची आपल्याला संवय झालेली, एवढेंच.

१९३६ चें नांव निघालें म्हणून सांगतों. त्याच वर्षीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें तेथेंच आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसांत, चिखलांत झाला आणि अमेरिकेनें कॅनडास १९–८ असें हरविलें. घरांत खेळण्यासाठीं निघालेल्या खेळाची ही दशा! आपल्या कबड्डीवाल्यांना त्या चिखलाचें कांहींच वाटलें नसतें.

मैदान म्हणजे चारी बाजूंनीं इमारती असलेलें सिमेंटचें अंगण. गॅलऱ्यांतून बायका, पोरें, म्हातारे दाटीवाटीनें उभे. तिकडच्या बाजूचे दोनशें तरी असतील. आमच्या बाजूचे चार: आम्ही, दोन मुलींच्या आया, आणि वर्गांतला एक मुलगा, जो नेमका कोणासाठीं आला आहे हें आम्हीं विचारलें नाहीं. आम्हांला खुर्ची मिळाली ती एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांशेजारीं. त्यांनीं आपली खुर्ची थोडी सरकविली आणि आमच्या चष्म्याकडे पाहून, आपण शाळामास्तर काय, असें हिंदीत विचारलें. त्यांचीही नात खेळत होती. ती त्यांच्या संघाची कर्णधार. डोक्यास काळें वस्त्र घट्ट बांधलेलें, अंगांत पूर्ण बाह्यांचा सदरा आणि त्यावर संघाचा क्रमांक. डोकें झांकून खेळण्यास आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१७ सालापर्यंत बंदी होती; तोंवर अशा मुली गल्लींत खेळत आणि मोठ्या स्पर्धांच्या वेळीं घरीं बसत, असें त्यांनीं सांगितलें. मुलींच्या ह्या खेळाच्या आरंभीं अडचण उलट होती. १८९३ सालीं अमेरिकेंतील स्मिथ कॉलेजांत मुली प्रथम सामना खेळल्या तेव्हां पुरुषांना आंत घेतलें नव्हतें. १८९६ सालीं स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ह्या विद्यापीठांच्या मुली एकमेकींशीं खेळल्या, तेव्हांही दार बंदच होतें. स्टॅनफर्डनें तो सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. त्या काळीं आम्ही दोन आजोबा रस्त्यावरच उभे राहिलों असतों.

हा खेळ न पाहिलेल्यांनीं एक ध्यानांत घ्यावें. येथें क्रिकेटप्रमाणें चहा पिण्यास सवड नाहीं. चाळीस मिनिटांचा खेळ, त्याचे चार भाग. चेंडू हातीं आल्यापासून चोवीस सेकंदांत टोपलीकडे फेंकलाच पाहिजे. शिट्टी वाजते, घड्याळ थांबतें, पुन्हा चालू होतें. आणि परक्या मैदानावर घड्याळाखेरीज आणखी एक गोष्ट आपल्याविरुद्ध चालू असते, ती म्हणजे आवाज. तिकडच्या मुलीनें चेंडू टोपलींत टाकला, कीं चारी भिंती गर्जतात. आपल्या मुलीनें टाकला, कीं चार माणसांच्या टाळ्या. त्या आपल्याच कानांना लाजिरवाण्या वाटतात. आम्ही जन्मभर वर्गांत 'शांत बसा' म्हणत आलों. त्या संध्याकाळीं मात्र आमचा घसा ज्या कारणासाठीं बसला, तें शाळेच्या शिस्तींत बसण्यासारखें नव्हतें.

शेवटचीं दोन मिनिटें राहिलीं तेव्हां गुण ४२–४१ असे तिकडच्या बाजूनें होते. त्यांच्या एका मुलीनें आमच्या नातीला चेंडू फेंकतांना ढकललें आणि दोन 'फ्री थ्रो' मिळाले. म्हणजे फळ्यापासून सुमारें पंधरा फुटांवर रेघेपाशीं एकटीनें उभें राहावयाचें, पांच सेकंदांत चेंडू टाकावयाचा, आणि कोणीं अडवावयाचें नाहीं. नियम हातांना अडवितो, तोंडांना नाहीं. सारी गॅलरी ओरडूं लागली, पोरांनीं पत्र्यावर काठ्या आपटल्या. आम्हांस तें मुळींच आवडलें नाहीं, आणि आम्हीं शेजाऱ्यांस तसें स्पष्ट सांगितलें: पाहुणी मुलगी एकटी उभी असतां दोनशें लोकांनीं तिच्यावर ओरडणें हा पराक्रम नव्हे. ते म्हणाले, "मास्टरजी, ही पोरें तिला मोठी खेळाडू समजतात म्हणून ओरडतात. जिची भीति नाहीं तिच्यावर कोण ओरडतो?" उत्तर चतुर होतें, आम्हांस पटलें नाहीं, अजूनही पटलेलें नाहीं. परंतु ते उठले, कठड्याशीं गेले, आणि काठ्या आपटणाऱ्या पोरांना त्यांनीं हातानें खालीं बसविलें. ओरडा चालूच राहिला. पत्रा मात्र थांबला.

पहिला चेंडू कड्यावर फिरून बाहेर पडला. दुसरा आंत गेला. ४२–४२. पुढें त्या कर्णधार मुलीनें दोन मुलींच्या मधून वाट काढून, अगदीं शेवटच्या सेकंदांत, भिंतीवर हळूच हात ठेवावा तसा चेंडू फळ्यावर ठेवला, आणि तो टोपलींत उतरला. आमच्याच पक्षाचा पराभव करणारा तो चेंडू. पण नेस्मिथ गुरुजींनीं टोपली उंच टांगली ती ह्याचसाठीं, हें त्या क्षणीं डोळ्यांना दिसलें, आणि आमच्या हातून टाळी वाजली. शेजारच्या आईनें आमच्याकडे चमकून पाहिलें. घरच्या मैदानावर आपण आपल्याच मुलींकडे पाहत असतों. दुसऱ्याच्या अंगणांत, दुसऱ्यांच्या गर्दींत बसलें, म्हणजे समोरचा संघही दिसूं लागतो.

नात पाऊण तास बोलली नाहीं. त्या मुलींनीं सरबत आणि बिस्किटें आणलीं, तेव्हां ती कर्णधार तिच्याजवळ येऊन बसली आणि चेंडू सोडतांना तिचें कोपर कसें बाहेर जातें, हें तिला हात धरून दाखवूं लागली. दोघी बराच वेळ रिकाम्या हातांनीं हवेंत चेंडू टाकीत होत्या. परत फिरतांना बसमध्यें बसण्याचा आग्रह झाला, तो आम्ही मानला. पाय थकले होते. नातीनें खिडकींतून बाहेर पाहत एकदांच विचारलें, "आजोबा, त्या शेवटच्या चेंडूला तुम्हीं टाळी वाजवली?" आम्ही होय म्हणालों. ती म्हणाली, "मीसुद्धां वाजवली असती, पण हात थरथरत होते."

आतां परतीचा सामना पुढील महिन्यांत आमच्या बाजूस आहे. त्या आजोबांनीं येण्याचें कबूल केलें आहे. बंधूंनीं आपण होऊन त्यांच्यासाठीं खुर्ची ठेवण्याचें पत्करलें. कुटुंबानें लाडू किती करावे एवढेंच विचारलें. आम्हीं वाडींतल्या पोरांना बोलावून ताकीद दिली, कीं सामन्याला अवश्य या, परंतु त्यांच्या मुली रेघेपाशीं उभ्या राहतील तेव्हां एकानेंही तोंड उघडावयाचें नाहीं. पोरांनीं माना डोलावल्या. नात दारांत उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "ओरडूं द्या त्यांना, आजोबा. नाहीं तर त्यांना वाटेल, आपल्याकडे कोणी आलेंच नाहीं. फक्त पत्रा नको."