तळ कुठे पडेल, ते मोतद्दाराला विचारा

बंगळुरूच्या चहूबाजूंनी हल्ली घोड्यांचे कॅम्प भरतात. कनकपुरा रस्ता, सावनदुर्ग, नंदी हिल्सचा पायथा, मंचनबेले. शनिवारी दुपारी घोडे ट्रकमधून उतरतात, संध्याकाळी एक रपेट होते, रात्री शेकोटी आणि गाणी, रविवारी सकाळी फोटो काढून सगळे घरी. या हौसेला माझा विरोध नाही. संगणकासमोर पाच दिवस बसलेली तरुण माणसं दोन दिवस घोड्याजवळ घालवत असतील, तर मला आनंदच आहे. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. कॅम्पची जागा जो निवडतो, त्याला रात्री घोड्याशेजारी झोपायचं नसतं.

इथे बदली होऊन आल्यापासून अशा पाच-सहा कॅम्पांना मला पाहुणा म्हणून बोलावणं आलं. प्रत्येक वेळी मी विचारलं, जागा कशी ठरवली? उत्तरं ठरलेली. सूर्यास्त चांगला दिसतो. गाडी थेट तंबूपर्यंत जाते. शेजारी तळं आहे. मोबाइलला रेंज आहे. आणि घोडे? "तिकडे झाडं आहेत ना सर, तिथे बांधू." घोड्यांच्या नावाने भरलेल्या कॅम्पात घोड्याचा विचार असा सर्वांत शेवटी आणि तोही एका वाक्यात.

पाण्यापासून सुरुवात करू. चारशे किलोचा घोडा दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी पितो. उन्हात काम झालं तर ५०च्या वर. दहा घोडे आणि दोन दिवस म्हटलं की हजार लिटरची टाकी हिशेबात धरायला हवी. "शेजारी तळं आहे" हे उत्तर बंगळुरूत तरी कुणी देऊ नये. बेलंदूर तलावावर फेस येतो हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. जानेवारी २०१८ मध्ये त्याच तलावाला आग लागली आणि ती विझवायला शेजारच्या एएससी सेंटरच्या जवानांना जावं लागलं. प्रत्येक तळं बेलंदूर नसतं, मान्य. पण शहराभोवतीच्या तळ्यात वरून काय येऊन मिळतं, हे काठावर उभं राहून कळत नाही. घोड्याच्या नाकाला ते कळतं, आणि तो प्यायचं नाकारतो. मग आपली मंडळी म्हणतात, तहान नसेल.

पाण्याचा आणखी एक धोका आहे. सगळ्या घोड्यांना एकच हौद. ग्लँडर्स हा रोग दूषित पाण्यातून आणि दाण्यातून एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातो, माणसालाही होतो आणि घोड्यात सापडला की त्या घोड्याला मारावंच लागतं. वेगवेगळ्या तबेल्यांतून आलेली जनावरं दोन दिवस एकत्र राहणार असतील, तर प्रत्येकाची बादली वेगळी हवी. एका बादलीची किंमत शेकोटीच्या लाकडांपेक्षा जास्त नाही.

मग जमीन. सूर्यास्त दिसतो तो उतारावरून. पण उतारावर रात्रभर उभा असलेला घोडा एका बाजूच्या पायांवर भार घेत राहतो आणि नीट आडवाही होत नाही. इथली तांबडी मुरमाड जमीन तळासाठी उत्तम आहे, पाणी धरून ठेवत नाही. पण तिच्याच शेजारी ग्रॅनाइटचे गुळगुळीत कातळ असतात. दव पडलं की नाल लावलेल्या घोड्यासाठी ती घसरगुंडी होते. सुकलेल्या तळ्याचा तळ सपाट आणि मोहक दिसतो. मे महिन्यातल्या वळवाच्या एका पावसात तिथे काय होतं, ते एकदा पाहून यावं.

सावलीसाठी म्हणून निलगिरीची लागवड निवडतात. तिची सावली विरळ आणि खाली गवताची काडी नाही. कंटाळलेला घोडा मग साल सोलत बसतो. रिसॉर्टवाल्यांच्या कुंपणाला कण्हेर असते, कारण तिला पाणी कमी लागतं आणि फुलं बारा महिने येतात. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा घोड्याचा जीव घ्यायला पुरेशी आहेत. घोड्याला उलटी करता येत नाही, हे किती जणांना माहीत आहे? जे पोटात गेलं ते गेलं. त्यामुळेच वैरण अचानक बदलणं हाही त्याच्यासाठी धोका. घरी ओट आणि चणा खाणाऱ्या जनावरासमोर कॅम्पवर गावातून आणलेला नाचणीचा पेंढा टाकला आणि पाणी कमी पडलं, की पोटशूळ दूर नसतो.

आणि शेवटी रस्ता. प्रवासी गाडी तंबूपर्यंत जाते की नाही हा प्रश्नच नाही. घोड्याचा ट्रक जातो का, अंधारात वळतो का, आणि जनावरांचा डॉक्टर किती वेळात पोहोचतो, हे प्रश्न आहेत. सावनदुर्ग आणि रामनगरच्या टापूत बिबटे आहेत, कनकपुऱ्याच्या पुढे हत्तींचा वावर आहे. आगाडी-पिछाडीने बांधलेल्या घोड्याला पळताही येत नाही.

हे सगळं मी पुस्तकी सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात पहाटे मला एका मोतद्दाराचा फोन आला. सोलापूरकडचा माणूस, मराठी बोलतो म्हणून ओळख झालेली. "साहेब, घोडी लोळतीय. काल दुपारपास्नं पाणी न्हाई घेतलं तिनं. तुमच्या वळखीचा डॉक्टर असला तर बघा." मी डॉक्टरला उठवलं आणि बरोबर घेऊन निघालो. शेवटचे दोन किलोमीटर आम्ही चालत गेलो, कारण रात्रीच्या पावसाने वाट बसली होती आणि गाडी पुढे जाईना. ट्रकही त्याच कारणाने आत अडकला होता, म्हणजे घोडी बाहेर नेणंही शक्य नव्हतं. डॉक्टरने जे करता येण्यासारखं होतं ते केलं. नऊ वर्षांची, शांत स्वभावाची घोडी. लहान मुलं तिच्यावर बसायला शिकली होती. अकराच्या सुमारास ती गेली.

माझा राग त्यानंतरच्या गोष्टीवर आहे. आयोजकांनी ठरवलं की मोतद्दाराने लक्ष दिलं नाही. त्याचा पगार कापला. याच माणसाने शनिवारी दुपारी सांगितलं होतं की जनावरं या तळ्याचं पाणी घेत नाहीत, टँकर मागवा. त्याने हेही सांगितलं होतं की ढग आलेत, ट्रक वर पक्क्या रस्त्यावर ठेवा. त्याचं ऐकलं नाही, कारण तो मोतद्दार. आणि दोष त्याचा, तोही तो मोतद्दार म्हणूनच.

आता माझ्या मराठी वाचकांकडे वळतो, कारण आपली एक लाडकी समजूत मला मोडायची आहे. "आपल्या मावळ्यांची घोडी काहीही खाऊन, कुठेही राहून दौडत होती. हे सगळे नखरे कशाला?" शिवजयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या भिंतीखाली घोडा उभा करणारेही हेच म्हणतात.

मे १६७३ मध्ये चिपळूणजवळ हलवर्णला तळ देऊन राहिलेल्या लष्कराला शिवछत्रपतींनी पाठवलेलं पत्र आपण रयतेच्या भाजीपाल्यापुरतं लक्षात ठेवतो. ते पूर्ण वाचा. निम्मं पत्र घोड्यांच्या तळाबद्दल आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल. एवढ्या बारकाईने राजा लिहितो. आणि हे पत्र लिहिलंय कुणाला? जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना. मोतद्दारांना नाही. घोडं मेलं तर जाब अंमलदाराला. साडेतीनशे वर्षांपूर्वी ही गोष्ट स्पष्ट होती.

मराठी फौजेत तळ निवडणं हे हुद्द्याचं काम होतं. बिनीवाला पुढे जाऊन जागा पाहायचा आणि निशाण रोवायचा, मग त्या हिशेबाने गोट पडायचे. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही पद्धत पाहून लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी इंग्रजांनी श्रीरंगपट्टणचा तापट मुलूख सोडून बंगळुरूच्या कोरड्या, उंच जमिनीवर हलसूर तलावाजवळ छावणी वसवली. हे शहर आज जे आहे, त्याची एक मुळी अशी चांगल्या निवडलेल्या तळात आहे.

वाईट तळाची किंमतही याच मुलखाने पाहिली आहे. २१ मार्च १७९१ ला कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणवर गेला. अरकेरेला लढाईही जिंकला. पण टिपूने वाटेवरची वैरण जाळली होती. बैल आणि घोडे पटापट मेले, आणि ओढायला जनावर उरलं नाही म्हणून जिंकलेल्या सेनापतीला स्वतःच्या वेढ्याच्या तोफा फोडून माघारी फिरावं लागलं. त्या माघारीत त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा भेटल्या आणि मराठी बाजारातून त्याच्या उपाशी सैन्याला धान्य मिळालं. आपली घोडी काहीही खाऊन जगत नव्हती. त्यांच्या खाण्याची व्यवस्था होती. पानिपतावर ती व्यवस्था तुटली, रसद बंद झाली, आणि १४ जानेवारीच्या आधीच आपलं घोडदळ अर्धमेलं झालं होतं.

जे. सी. नगरला म्हैसूर लान्सर्सचं स्मारक आहे. २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा घेणाऱ्यांत हे सवार होते. त्याच पॅलेस्टाइन मोहिमेत, ३१ ऑक्टोबर १९१७ ला, बीरशेबा हे गाव सूर्यास्ताच्या आत घेणं भाग होतं, कारण तिथे विहिरी होत्या आणि मागे तहानलेल्या घोड्यांचं अख्खं दळ उभं होतं. त्या लढाईत एका कोअरचं नेतृत्व करणारे चेटवुड पुढे भारतात सरसेनापती झाले. डेहराडूनला आम्ही सगळ्यांनी ज्यांचे शब्द पाठ केले, ते हेच. देश आधी, जवान नंतर, तू स्वतः सर्वांत शेवटी. हे सांगणारा माणूस मूळचा घोडदळाचा होता, यात मला नवल वाटत नाही. खडकवासल्याला इक्विटेशन लाइन्समध्ये उस्ताद आम्हाला हेच वेगळ्या शब्दांत शिकवायचे. आधी घोड्याला पाणी, मग तुम्ही.

आता आक्षेप. "लष्कराकडे माणसं आहेत, साधनं आहेत. आम्ही हौशी." मी वर लिहिलेल्यातलं काय महाग आहे ते सांगा. बादल्या? ट्रक पक्क्या रस्त्यावर ठेवणं? आदल्या आठवड्यात एक फेरी मारून कुंपणाची झाडं पाहणं? दुसरा आक्षेप, "लोक निसर्ग पाहायला पैसे देतात." जरूर पाहावा. तंबू उतारावर ठोका, घोडे सपाटीवर बांधा, मध्ये शंभर पावलं चाला. तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे. मोतद्दाराला काय कळतं?

काही वर्षांपूर्वी डोंगरात एका खेचरांच्या तुकडीबरोबर माझा मुक्काम होता. नकाशावर जागा ठरलेली, नाल्याकाठी, सपाट. एटीचा एक नाईक खेचराचा कासरा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "साब, यहाँ नहीं. जानवर रुक नहीं रहा." हुद्दा माझा होता, पण जनावर त्याच्या हातात होतं. आम्ही चढून वर गेलो. रात्री नाला दुथडी भरून आला. यात चमत्कार काही नाही. कासरा हातात असलेल्या माणसाला जमिनीची आणि जनावराची खबर आधी मिळते. चांगला अधिकारी ती खबर ऐकण्याची सोय करून ठेवतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. घोड्यांच्या कॅम्पची जागा नक्की करण्याआधी मोतद्दाराला ती दाखवा आणि त्याला नकाराचा अधिकार द्या. तो नाही म्हणाला तर जागा रद्द, बुकिंगचे पैसे गेले तरी. आणि जनावराला काही झालं तर पहिला जाब जागा निवडणाऱ्याने द्यावा.

तुम्हाला अशा कॅम्पचं आमंत्रण आलं तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. घोड्यांचं पाणी कुठून येणार? ते रात्री कुठे आणि कसे बांधणार? डॉक्टर किती वेळात पोहोचेल? आणि ही जागा मोतद्दाराने पाहिली आहे का? चौथ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर घरी थांबा.

त्या मोतद्दाराचा कापलेला पगार अजून मिळालेला नाही. तो आता दुसऱ्या तबेल्यात आहे. त्या आयोजकांचा पुढचा कॅम्प त्याच तळ्याकाठी जाहीर झाला आहे.

जय हिंद.