तेलाच्या डब्यावरचा 'डब्ल्यू' काय सांगतो?

माल भिवंडीहून निघो वा मालेगावहून, गाडी भाड्याची असली तरी तिच्या इंजिनाचा मामला आपलाच असतो. गाडी वाटेत बसली की माल बसतो आणि वसुली लांबते. तरीही इंजिनात कोणते तेल घातले आहे, हे विचारणारा व्यापारी क्वचितच सापडतो. मिस्त्री दोन बोटांत तेल चोळून "जाड आहे, उत्तम आहे" म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

आमच्या सायझिंगवाल्यांना हे समजावण्याची गरज नाही. खळ गरम असते तेव्हा वाहते, थंड झाली की घट्ट बसते. तेलाचेही तसेच आहे. बोटांतली परीक्षा बोटांच्या उबेत होते. कडाक्याच्या पहाटे तेच तेल किती घट्ट होईल, ते बोटांना कसे कळावे?

ते डब्यावर लिहिलेले असते. १५डब्ल्यू-४० यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. पुष्कळजण त्याला वजन समजतात, ते चूक. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. सुताच्या काउंटात आकडा वाढला की सूत बारीक होते. इथे उलट, आकडा जितका लहान तितके तेल थंडीत पातळ.

याचे माप एसएई संस्थेच्या प्रमाणात ठरलेले आहे. इंजिन फिरवताना १०डब्ल्यू तेल उणे २५ अंशांवर ७००० सेंटीपॉइजपेक्षा घट्ट असता कामा नये. १५डब्ल्यूला हीच मर्यादा उणे २० वर आहे, तर २०डब्ल्यूला उणे १५ वर ९५०० ची. (साधे पाणी सुमारे १ सेंटीपॉइज असते.) लक्षात घ्या, प्रत्येकाची परीक्षा वेगळ्या तापमानावर होते, म्हणून नुसते ७००० आणि ९५०० शेजारी मांडून हिसाब करू नये. या थंडीत पारा ५ अंश उतरला की घट्टपणा ढोबळमानाने दुप्पट होतो. जुन्या टेम्पोत घालतात त्या नुसत्या ४० नंबरच्या तेलावर 'डब्ल्यू' नसतोच, म्हणजे थंडीची कसलीही हमी नाही.

स्टार्टरने इंजिन फिरले म्हणजे काम झाले असेही नाही. अमेरिकेत साउथ डकोटातल्या सू फॉल्स येथे १९८०-८१ च्या हिवाळ्यात इंजिने सुरू झाली आणि मग बिघडली. सावकाश थंड होताना तेल आतल्या आत जेलीसारखे जमले होते. पंपाने तोंडाजवळचे तेल ओढले, तिथे खड्डा पडला, बाकीचे तेल सरकून आले नाही, पंप हवा ओढत राहिला आणि बेअरिंगे कोरडी पडली. तेव्हाच्या परीक्षेत ही तेले पास होती! त्यानंतर तेल सावकाश थंड करून तपासण्याची पद्धत आली. फ्रीजरमध्ये बाटली रात्रभर ठेवून दोन तेलांचा फरक जरूर दिसेल, पण पंपाचा भरवसा त्यातून मिळत नाही.

आता खर्चाचे. निफाडला पारा कधी ५ अंशांच्या खाली जातो, तेवढ्या थंडीला २०डब्ल्यू भरपूर पुरते. महाराष्ट्रातच फिरणाऱ्या गाडीला केवळ थंडीच्या नावावर महागडे ०डब्ल्यू विकणे मला बरोबर वाटत नाही. नव्या इंजिनाच्या पुस्तकात पातळ तेल सांगितले असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पुस्तकच खरे. श्रीनगरच्या चिल्लई कलानमध्येही १५डब्ल्यू-४० चालून जाते. द्रास-लेहची बात निराळी. तिथे पारा उणे २० च्याही खाली जातो, म्हणून कंपनीची परवानगी पाहून ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू घ्यावे, इथे काटकसर नको. शिवाय त्या वाटेवर ड्रायव्हरला डिझेलचेही विचारा. साधे डिझेल त्या थंडीत मेण धरते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल काढले, टाकीत ते नसेल तर तेल कितीही चांगले असले तरी गाडी जागची हलणार नाही.