सामी सुताराचं दार

मुलांनो, इटलीला जाऊन आलेल्या माणसांची एक तक्रार असते. रोम, फ्लॉरेन्स बघायचं म्हणजे दिवसभर एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये, तिथून म्युझियममध्ये. वर बघूनबघून मान दुखायला लागते! तशी मान दुखवून घ्यायची तर विमान कशाला हवं? पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले.

मी आणि सहावीतला माझा भाचा सकाळीच भाज्याला पोचलो. ही लेणी सुमारे २२०० वर्षांपूर्वीची. चैत्यगृहात शिरलात की खांब नीट बघा हं. सगळे आत कललेले दिसतील. कारागिरांचं चुकलं की काय? छे! त्या काळी मोठ्या इमारती लाकडाच्या असत. छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते थोडे आत कलते उभे करायचे. इथे तर अख्खा डोंगर एकसंध, ढकलणार कोण? पण सुतारकामातली रीत पाथरवटांनी दगडातही सोडली नाही. छताला लाकडी फासळ्यासुद्धा बसवल्या, भार पेलायचा नसताना!

पलीकडच्या एका विहारात चार घोड्यांचा रथ आणि हत्तीवरचा स्वार कोरलाय. सूर्य आणि इंद्र, असं बरेच जण सांगतात. अभ्यासकांचं मात्र अजून एकमत नाही.

आता एक कबुली. सातवीत असताना शाळेच्या सहलीबरोबर मी इथे आलो होतो. सर पुढे गेलेले बघून कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि एका खोलीच्या भिंतीवर नाव कोरलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि भाच्याने बरोब्बर तेच मोठ्याने वाचलं! ‘‘मामा, हे तुझंच आडनाव ना रे?’’ मी रुमाल ओला करून घासून पाहिलं. तिथला पहारेकरी म्हणाला, ‘‘साहेब, नका घासू. दगड आणखी उडंल.’’ मान खाली घालून बाहेर आलो.

दुपारी कार्ले. पायऱ्या चढून गेलं की एकवीरा आईचं देऊळ आणि त्याला लागूनच चैत्यगृह. बाहेर चार सिंहांचा स्तंभ. आत सुमारे १२४ फूट लांबीचं दालन! भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सगळ्यात मोठं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागे सात साधे खांब. एकूण ३७. मधलं रुंद दालन, बाजूच्या अरुंद वाटा, टोकाला अर्धगोल. पुढे युरोपातली चर्च बांधली गेली त्यांचाही आराखडा पुष्कळसा असाच. रोममधलं पँथिऑन आज दिसतं तसं उभं राहिलं, त्याच्याच मागेपुढे आपल्या मावळात हा डोंगर वरून खाली पोखरणं चाललं होतं. स्तूपावरची छत्री आणि छताच्या फासळ्या लाकडाच्या आहेत, त्याही तेव्हाच्याच!

भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा शेठ भूतपाल. धेनुकाकटाचे यवन. एक अत्तरवालासुद्धा! मला सर्वांत आवडतो तो सामी. वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटाचा सुतार. दार त्याने केलं, असं त्याचा लेख सांगतो. त्यात त्याच्या धंद्याला ‘वढकी’ म्हटलंय. हिंदीतला ‘बढई’ आठवला का?

‘‘मग त्याने नाव कोरलं तर चालतं, आणि तू कोरलंस तर नाही?’’ भाच्याने विचारलं.

‘‘त्याने आधी दार केलं रे.’’

तो थोडा वेळ दाराच्या चौकटीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘‘आणि तुझं नाव काढता येतच नाही?’’

‘‘नाही.’’

परतीच्या लोकलला अजून वेळ होता. आम्ही पुन्हा आत जाऊन खांब मोजले. त्याचे ३६ भरले, माझे ३७. तुम्ही गेलात की मोजा आणि मला कळवा. पाणी घेऊन जा, पायांत चांगले बूट घाला. आणि कंपासपेटी घरीच ठेवा!