जहाजावर कुणाला घेतात? समुद्रतळाचं विज्ञान आणि आपलं प्रतिनिधित्व

समुद्राच्या तळाशी असलेले डोंगर, दऱ्या, ध्रुवाकडच्या बर्फाने कोरलेले चर यांचा अभ्यास हा आपला विषय आहे का? शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहात जागा नाही, गावात स्मशानभूमीचा वाद मिटत नाही, तिथे अंटार्क्टिकाचं काय घेऊन बसलात, असं चळवळीतले काही मित्र आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण हा विषय आपला नाही हे ठरवलं कुणी, ते आधी तपासू या.

उदाहरण बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातलंच घेऊ. ५ जून १९५२ रोजी या विद्यापीठाने बाबासाहेबांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी, याच विद्यापीठाच्या लॅमॉन्ट वेधशाळेत मेरी थार्प नावाची संशोधक टेबलावर कागद पसरून अटलांटिक महासागराच्या तळाचे आलेख काढत होती. दुसऱ्या महायुद्धात पुरुष विद्यार्थी आघाडीवर गेले, वर्ग रिकामे पडले, म्हणून मिशिगन विद्यापीठाने मुलींना भूगर्भशास्त्राकडे बोलावलं. त्या संधीतून थार्प शिकल्या. पुढे त्यांनी गणिताचीही पदवी घेतली. तरी १९४८ मध्ये त्यांना नोकरी मिळाली ती इतरांसाठी आकडेमोड करून नकाशे काढून देण्याची.

काम कसं चालायचं ते पाहा. जहाजातून पाण्यात आवाज सोडायचा. तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून खोली काढायची. ही मोजमापं आणायला सहकारी ब्रूस हीझेन समुद्रावर जात. थार्प जाऊ शकत नव्हत्या, कारण संशोधन जहाजावर बाईला मनाई होती. त्यांच्या वाट्याला आले हजारो आकडे आणि शाई.

त्याच आकड्यांतून त्यांना एक गोष्ट दिसली. अटलांटिकच्या मधोमध जी डोंगररांग जाते, तिच्या माथ्यावर सलग एक खोल दरी आहे. म्हणजे तिथे जमीन फाटते आहे, खंड एकमेकांपासून दूर सरकत आहेत. हीझेन यांनी ही बायकी बडबड म्हणून उडवून लावली. पुढे हॉवर्ड फॉस्टर या कर्णबधिर सहकाऱ्याने भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडली आणि ती नेमकी त्या दरीवर येऊन बसली. तेव्हा मानावं लागलं. आज आपल्याला माहीत आहे की ही रांग जगातल्या सगळ्या महासागरांतून सुमारे ६५,००० किलोमीटर पसरली आहे.

शोध मान्य झाला, पण सुरुवातीच्या अनेक महत्त्वाच्या शोधनिबंधांवर थार्प यांचं नाव नव्हतं. जहाजावर पाऊल ठेवायला १९६८ साल उजाडलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विसाव्या शतकातल्या चार थोर नकाशाकारांत त्यांची गणना केली ती १९९७ मध्ये, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी.

थार्प यांना जात सोसावी लागली नाही. त्यांचं दुःख आणि आपलं दुःख एकच आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण दाराला कुलूप लावायची पद्धत ओळखीची आहे. कष्टाचं काम एकाकडे, नाव दुसऱ्याकडे. आधी जहाजावर घ्यायचं नाही, मग म्हणायचं की यांना समुद्राचा अनुभव नाही. आधी पुस्तकाला हात लावू द्यायचा नाही, मग म्हणायचं की यांच्यात मेरिट नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चप्पल काढून आत येत नाही. ती थेट आत जाऊन खुर्चीवर बसते.

आता दुसरा मुद्दा. हे ज्ञान आपल्या वस्तीशी जोडलेलं आहे.

केंब्रिजचे ज्युलियन डाउडस्वेल यांनी सारी कारकीर्द ध्रुवीय समुद्राच्या तळावर बर्फाने सोडलेल्या खुणा वाचण्यात घालवली. २०१९ मध्ये त्यांच्या चमूने अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात पाण्याखालची स्वयंचलित यंत्रं सोडली. तळावर एकामागे एक बारीक बांध सापडले, शेतात वरंबे असावेत तसे. भरती-ओहोटीबरोबर बर्फाची कड वर उचलली जाते आणि खाली बसते. बसताना चिखल दाबून ती एक बांध तयार करते, मग मागे सरकून पुढचा. म्हणजे हे बांध मोजले की बर्फ दिवसाला किती मागे हटला ते कळतं. हिमयुगाच्या अखेरीस तिथला बर्फ दिवसाला ५० मीटरपर्यंत मागे गेला होता. २०२३ मध्ये क्रिस्टीन बॅचलर आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेच्या किनाऱ्यालगत असेच ७,६०० हून अधिक बांध मोजले. तिथला वेग दिवसाला ५५ ते ६१० मीटर निघाला. आज उपग्रहांना दिसणाऱ्या वेगापेक्षा हा कितीतरी जास्त आहे. बर्फ एकदा घडलं ते पुन्हा करू शकतो. जमिनीवरचा तो बर्फ समुद्रात गेला की समुद्राची पातळी वाढणार.

पातळी वाढली तर मुंबईत बुडणार कोण? ज्याचा बंगला आहे तो दुसरीकडे बंगला घेईल. खाडीकाठी, नाल्याकाठी, सखल जागेत ज्यांच्या झोपड्या आहेत ते कुठे जातील? कुठली वस्ती हलवायची, कुठे भिंत बांधायची, कुणाला धोक्याच्या यादीत टाकायचं, हे निर्णय उद्या याच विज्ञानाचा हवाला देऊन होतील. ते नकाशे वाचणारा, त्यावर प्रश्न विचारणारा माणूस आपल्यातला नसेल, तर आपल्या हातात फक्त नोटीस येईल.

भारतात या क्षेत्राची दारं कुठे आहेत? शेजारच्या गोव्यात. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं चालतात. १९८१ मध्ये पहिली भारतीय मोहीम निघाली, पण बाई अंटार्क्टिकात पोहोचली ती तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये. त्या दोघींपैकी एक, अदिती पंत, मूळच्या नागपूरच्या. दार उघडलं तेव्हा काम झालं. त्याआधी नव्हती ती संधी, क्षमता होतीच.

जातीच्या बाबतीत मात्र कुलूप कागदावरच आहे. केंद्र सरकारच्या १९७५ च्या आदेशानुसार, संशोधन करणाऱ्या किंवा त्याचं मार्गदर्शन करणाऱ्या वरच्या श्रेणीतल्या वैज्ञानिक पदांना आरक्षणातून सूट देता येते. म्हणजे खालच्या पायरीवर या, वरची पायरी मागू नका. वर, २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांच्या अभ्यासाचे विषय वगळले गेले. त्यावर आमचं म्हणणं स्वच्छ आहे. जातीचा अभ्यास सोडून विज्ञान करा ही अट आम्हाला मान्य नाही. विज्ञान तुमचं क्षेत्र नाही हेही मान्य नाही. आम्हाला दोन्ही हवं आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन. समुद्र आणि ध्रुवीय संशोधनाच्या प्रत्येक सरकारी संस्थेने कायम शास्त्रज्ञ, पीएच.डी.चे विद्यार्थी आणि मोहिमेवर गेलेले सदस्य यांची प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी. १९७५ च्या आदेशातली सूट रद्द व्हावी. आणि मोजमाप करणाऱ्या, आकडे भरणाऱ्या कनिष्ठ संशोधकाचं नाव शोधनिबंधावर येईल असा नियम असावा.

चौथं काम आपलं आहे. आपल्या वस्तीत, वसतिगृहात भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगोल किंवा संगणक शिकणारी मुलं-मुली आहेत. त्यांना सांगा की सीएसआयआर नेटमध्ये पृथ्वी आणि महासागर विज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो, गेटमधून भूगर्भशास्त्राला जाता येतं. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग दोन विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कासाठी आणि गोव्याच्या भाड्यासाठी बाजूला काढा. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं सांगणाऱ्या देशातून बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. त्यांच्या लेकरांनी समुद्राला आपला विषय म्हणायला कुणाची परवानगी मागायची गरज नाही.

जय भीम!