शब्दांची गंमत : रिपब्लिकन

मुलांनो, निवडणुकीच्या दिवसांत आर्णीच्या भिंतींवर ‘रिपब्लिकन’ हा शब्द वाचलाय ना? वर्गात एकाने विचारलंच, “सर, म्हणजे काय हो?”

राजा नको, राष्ट्रप्रमुखही निवडलेलाच हवा, असं म्हणणारा तो रिपब्लिकन. इंग्लंडात लोकशाही आहे, पण राजाही आहे. तिथल्या राजेशाहीच्या विरोधकांना आजही हाच शब्द लावतात. आपल्यावरही इंग्लंडचा राजा नावापुरता होताच बरं का, थेट २६ जानेवारी १९५० पर्यंत!

मग राजा गेल्यावर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष कशाला निघाला? अरे, राजा गेला तरी जन्मावरून उच्चनीच राहिलंच होतं की!

मराठीत आपण ‘प्रजासत्ताक’ म्हणतो. मला मात्र संविधानाच्या उद्देशिकेतला ‘गणराज्य’ हा शब्द जास्त आवडतो. राजाच नाही, तर ‘प्रजा’ कुणाची?