गोऱ्या फरारीला टाळ्या, आणि आपल्या फासेपारध्याला?



चार्ल्स ब्रॉन्सनचा 'डेथ हंट' (१९८१) सिनेमा रंगतो, यात वाद नाही. कॅनडाच्या बर्फात सापळे लावून जगणारा एकटा माणूस, मागे पोलीस, वर विमान. बघणारा नकळत फरारीच्या बाजूने होतो. माझा आक्षेप या 'नकळत'वर आहे.

खरी घटना १९३१-३२ ची. अल्बर्ट जॉन्सन नावाने राहणाऱ्या त्या माणसाविरुद्धची तक्रार होती तिथल्या आदिवासी शिकाऱ्यांची : हा आमच्या सापळ्यांना हात लावतो. चौकशीला आलेल्या पोलिसावर त्याने गोळी झाडली, पुढे दुसऱ्या एका पोलिसाचा जीव घेतला आणि १७ फेब्रुवारी १९३२ ला स्वतः मारला गेला. सिनेमात मात्र भांडण पेटते कुत्र्याला वाचवण्यावरून, आणि शेवटी नायक सुखरूप निसटतो! आदिवासींची तक्रार कथेतून गायब. फरारीला माणूस करायचे ठरवले की पडदा एवढे सगळे करू शकतो.

आता आपल्याकडे या. फास लावणे हीच ज्याच्या जमातीची ओळख, तो फासेपारधी. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा गेला, १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. हरणे वाचावीत, जरूर वाचावीत. पण फास काढून घेतलेल्या हातात सरकारने काय दिले? जमीन नाही, दाखला नाही. आणि गावात घरफोडी झाली की पहिली गाडी पालावर.

याच मातीतला फरारी फकिरा. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा हा मांग वीर इंग्रजांच्या दप्तरी दरोडेखोरच. त्याला नायक केले ते अण्णाभाऊंनी, आणि ती कादंबरी अर्पण केली बाबासाहेबांच्या लेखणीला. १९६३ ला तिच्यावर सिनेमाही आला. म्हणजे आपली माणसे लिहितात तेव्हाच आपला फरारी माणूस ठरतो. पण फकिराच्या जयजयकारात घसा बसवणारे आपण, पालावरचा पोरगा रात्री उचलला की कुठे असतो?

पोलीस ठाण्यात जा. अटकेचे कारण विचारा. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे कलम २२ ने बंधनकारक आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. त्यांना खोट्या खटल्यात गोवणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र त्यासाठी जातीचा दाखला हाती लागतो. सातारा-सांगलीतल्या प्रत्येक शाखेने आपल्या जवळच्या पालावर किती मुलांकडे तो आहे, एवढे तरी या महिन्यात मोजावे.